वाघाची चाल, बगळ्याचा पाय : पेन्चाक सिलाट म्हणजे काय?

कांजूरमार्गला आमच्या वस्तीत सध्या एका नव्या क्लासची चर्चा आहे. पोस्टरवर काळे कपडे, कमरेला पांढरा पट्टा, आणि जमिनीला जवळजवळ टेकलेली, पंजे पुढे रोखलेली एक मुलगी. खाली मोठ्या अक्षरात ‘पेंकाक सिलाट’. पालक सभा संपल्यावर आठवीतल्या एका मुलीची अम्मी मागे थांबली. मोबाईलवर रील दाखवत म्हणाली, “मिस, ऐसी जानवर की नकल करना अपने में चलता क्या? ऊपर से हाथ भी जोडते.” तिच्या मागे एका मुलाचे अब्बा उभे होते. त्यांचा प्रश्न वेगळाच होता : यातून सरकारी नोकरी लागते म्हणतात, ते खरं आहे का?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात देता येत नाही. म्हणून हा लेख.

नाव आणि गाव

आधी उच्चार. इंडोनेशियाच्या भाषेत रोमन ‘सी’ हे अक्षर ‘च’सारखं बोलतात, म्हणून हा शब्द पेंकाक नाही, पेन्चाक. जावा बेटावर या कलेला पेन्चाक म्हणत, सुमात्रा आणि मलायात सिलाट. १८ मे १९४८ रोजी सुराकार्ता शहरात इंडोनेशियाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिचं संक्षिप्त नाव इप्सी, आणि तिच्यामुळे दोन्ही शब्द एकत्र रूढ झाले. देश नुकताच स्वतंत्र झालेला, डचांशी झुंज अजून चालू होती. गावोगावच्या शेकडो शैलींना एका छताखाली आणणं हा त्या काळी राष्ट्रउभारणीचाच भाग होता.

‘सिलाट’ शब्दाचं मूळ पक्कं सांगता येत नाही. सुमात्रातले काही उस्ताद तो ‘सिलातुर्रहीम’शी जोडतात, म्हणजे आपण उर्दूत ज्याला सिला-रहमी म्हणतो, नाती जोडणं. ऐकायला गोड वाटतं, पण दोन शब्द कानाला सारखे लागले म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, हे मी वर्गात रोज सांगते. तरी त्यामागची भावना खोटी नाही. मिनांगकाबाउ लोकांत असं मानतात की सिलाट बाहेरून शिकायचा तो मित्र जोडण्यासाठी आणि आतून शिकायचा तो रबला ओळखण्यासाठी.

हे मिनांगकाबाउ म्हणजे पश्चिम सुमात्रातले लोक. पक्के मुसलमान, आणि तरीही घर-जमीन आईकडून मुलीकडे जाते अशी त्यांची रीत. तिथे जुन्या काळी मुलगा वयात येऊ लागला की रात्री घरी झोपत नसे. गावाच्या ‘सुराउ’त, म्हणजे छोट्या इबादतगाहात, राही. संध्याकाळी कुरआनचं पठण, आणि नंतर बाहेरच्या अंगणात सिलाट. म्हणजे मदरसा आणि आखाडा एकाच आवारात. आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्याला ‘तालीम’ म्हणतात आणि गुरूला ‘वस्ताद’. तालीम हा अरबीतला शिक्षणाचा शब्द, आणि वस्ताद म्हणजे उस्तादच की. कोल्हापूरच्या पैलवानाला हे सांगायला नको.

आणखी एक दुवा इथेच सांगून टाकते. आपल्या कोकणी मुसलमानांचा मसलक शाफई आणि इंडोनेशिया-मलेशियातल्या मुसलमानांचाही शाफईच. केरळचे मोपलेही तेच. अरबी समुद्रातून जे व्यापारी आणि आलिम कोकण-मलबारला उतरले, तेच वारे पुढे सुमात्रापर्यंत गेले. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) ज्या परंपरेचे आलिम, तीच परंपरा तिकडेही रुजली. त्यामुळे ‘ही कुठली परकी कला’ असं म्हणताना जरा थांबावं.

जनावरांकडून नेमकं काय घेतलं

सिलाटच्या जन्माच्या ज्या लोककथा आहेत, त्यांत बहुतेक वेळा एक बाई असते. ती नदीवर पाणी भरायला किंवा कपडे धुवायला जाते. तिथे वाघ आणि माकड (काही कथांत वाघ आणि मोठा पक्षी) यांची झुंज चाललेली असते. ती पाहत राहते, घरी जायला उशीर होतो. नवरा चिडून हात उगारतो, तर ही पाहिलेल्या युक्तीने अंग चुकवते. त्याचा एकही फटका तिला लागत नाही. मग तो तिचाच शागिर्द होतो. ही कथा आहे, इतिहास नाही. पण ज्या समाजाने आपल्या युद्धकलेचं श्रेय एका गृहिणीला दिलं, त्याचं मला कौतुक वाटतं. मुलींना पाठवावं की नाही, असं विचारणाऱ्यांनी ही कथा ऐकावी.

आता प्रत्यक्ष चाली. ‘हारिमाउ’ म्हणजे वाघ. सुमात्रातल्या या शैलीत लढणारा इतका खाली बसतो की हात जमिनीला लागतात. पावसाळी, चिखलाच्या जमिनीवर उभा राहणारा घसरतो आणि आधीच खाली असलेला घसरत नाही, असं कारण सांगतात. उभ्या माणसाला खाली बसलेल्यावर मारायला वाकावं लागतं, आणि तो वाकला की त्याचा गुडघा, घोटा, तोल सगळं वाघाच्या टप्प्यात येतं. बाहेरून पाहणाऱ्याला रांगणं दिसतं. आत मांड्यांची भयंकर मेहनत आहे. आमच्या पिढीला शाळेत बेडूकउड्यांची शिक्षा व्हायची, ती दहा मिनिटं केलेल्याला हे लगेच समजेल.

माकडाची चाल याच्या उलट : धसमुसळी, फसवी, मध्येच कोलांटी, कुठून येईल सांगता येत नाही. मगरीची जमिनीवर गिरकी घेऊन पाय पिरगाळणारी. बगळा एका पायावर उभा राहतो, कारण दुसरा पाय लाथेसाठी मोकळा ठेवायचा असतो. सापाकडून हाताला विळखा घालणं घेतलं. म्हणजे नक्कल आवाजाची किंवा रूपाची नाही. प्रत्येक जनावराकडून एकेक हिकमत उचलली आहे : उंची, तोल, वेग, पकड.

आपल्याकडे विदर्भात आणि दख्खनमध्ये मोहरमच्या मिरवणुकीत अंगावर पट्टे रंगवून ‘वाघ’ होणारे लोक असतात. तिथे माणूस वाघासारखा दिसतो. सिलाटमध्ये तो वाघासारखा दिसतच नाही, फक्त वाघासारखा सरकतो. केरळच्या कळरीपयट्टूतही हत्ती, सिंह, घोडा, रानडुक्कर, साप, मांजर, कोंबडा अशा नावांचे पवित्रे आहेत, त्यामुळे ही कल्पना काही एकाच देशाची नाही.

सुराबायात २ जुलै १९५५ रोजी सुरू झालेल्या ‘पेरिसाई दिरी’ या संस्थेतली नावं तर मराठी कानाला ओळखीची वाटतील. तिथे अडई नावाचं रानबदक, बगळा, गरुड, वाघ आणि नागा यांच्या चाली आहेत, आणि त्यांच्यापुढे सात्रिया, पंदेता, पुत्री. म्हणजे क्षत्रिय, पंडित आणि राजकन्या. ‘नागा’ म्हणजे मात्र आपला नाग नव्हे, पंखवाला अजगरासारखा काल्पनिक प्राणी. जनावरापासून सुरुवात करून माणसापर्यंत येणारी ही यादी मला फार आवडते.

शस्त्रांतही वाघ आहे. ‘केराम्बित’ नावाचं छोटं वाकडं पातं वाघाच्या नखावरून सुचलं असं मानतात. आपल्या वाघनखात एका पट्टीवर चार-पाच नखं असतात आणि ती तळहातात लपतात. केराम्बितला पातं एकच, आणि मुठीच्या टोकाला बोट घालायला कडं. मुलांच्या क्लासमध्ये या पात्याला जागा असू नये, हे वेगळं सांगायला नको.

जानवर की नकल, आणि अकीद्याचा प्रश्न

आता त्या अम्मीच्या प्रश्नाकडे. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. फतवा हवा असेल तर आपल्या आलिमांना विचारावा. पण इंडोनेशियातल्या मुसलमानांनी स्वतः यावर काय केलं, ते सांगता येईल, कारण हा प्रश्न त्यांना आपल्या आधी पडलेला आहे.

सुमात्राच्या जंगलाकाठी वाघाला नावाने बोलवत नाहीत. ‘इन्याक’ म्हणतात, म्हणजे आजोबा. आपल्याकडेही गावी रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात आणि वाघाचा वाघोबा होतो. पवई-भांडुपच्या डोंगरामागे नॅशनल पार्क आहे, बिबट्या आला की आमच्या मुलांना रात्री बाहेर सोडत नाहीत, त्यामुळे ही भीती आम्हाला परकी नाही. इथवर ठीक. पण काही जुन्या घराण्यांत याच्या पुढे जाऊन असं मानलं जाई की झुंजीच्या वेळी वाघाचा आत्मा शरीरात उतरतो, किंवा अमुक मंत्राने, तावीजाने शरीर अभेद्य होतं, चाकू लागत नाही. याला तिथे ‘इल्मू कबाल’ म्हणतात, आणि इल्म शब्द आपलाच.

वाद झाला तो यावर. चालीवर नव्हे. १९१२ साली अहमद दहलान यांनी योग्याकार्तात स्थापन केलेली ‘मुहम्मदिया’ ही संघटना सुधारणावादी आणि बिदअत-शिर्क यांच्याबाबत कडक. तिच्याच वर्तुळात ३१ जुलै १९६३ रोजी ‘तापाक सुची’ ही सिलाट संस्था उभी राहिली, आणि सिलाट शिर्कपासून मुक्त ठेवायचा, हे तिचं घोषित धोरण आहे. मंत्र नाही, आत्मा उतरवणं नाही. आणि या कडक संस्थेच्या आठ मूळ चालींची नावं काय आहेत? गुलाब, बेडूक, नागा, उडणारा मासा, बैल, गरुड, कबूतर, वाघ. म्हणजे त्यांनी तावीज टाकून दिला आणि वाघ ठेवला. परंपरावादी समजल्या जाणाऱ्या नहदतुल उलमाच्या लोकांनीही १९८६ मध्ये आपली ‘पागार नुसा’ ही संस्था काढली, ती पेसांत्रेनमधून, म्हणजे तिथल्या मदरशांमधून वाढली. दोन मोठ्या संघटना, एकमेकींशी मसल्यांवर मतभेद असलेल्या, पण सिलाट दोघींनी आपला मानला.

नमाजमध्ये जनावरांसारखं बसण्याला किंवा कावळ्यासारखी चोच मारल्यागत घाईचे सजदे करण्याला हदीसमध्ये मनाई आली आहे, आणि काही पालक तिचा दाखला व्यायामाला लावतात. ती मनाई नमाजच्या अदबीची आहे. दुसरीकडे बलवान मोमीन दुर्बल मोमीनपेक्षा अल्लाहला अधिक प्रिय, या अर्थाची सहीह मुस्लिममधली हदीस सर्वांना ठाऊक आहे. आणि मारामारीतही चेहऱ्यावर वार टाळावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. सिलाटच्या स्पर्धेत चेहरा आणि मानेवरचा फटका नियमाने बंद आहे. तो नियम हदीसवरून केला असं मी म्हणत नाही, खेळाडूच्या सुरक्षेसाठी केला असेल. पण बॉक्सिंगचा क्लास आणि सिलाटचा क्लास यांतून निवडायचं असेल, तर हा फरक आई-बापांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.

हात जोडण्याचं म्हणाल तर जावा-सुंदाच्या भागात दोन्ही तळहात छातीपुढे मिटवून सलाम करणं ही आदराची पद्धत आहे. मशिदीतून बाहेर पडणारे लोकही एकमेकांना तसे भेटतात. ज्यांना खटकतं त्यांनी उस्तादांशी सरळ बोलावं. मनात ठेवून मुलीला घरी बसवू नये.

स्पर्धेतला सिलाट वेगळा

पोस्टरवर वाघ असतो, पण स्पर्धेच्या मॅटवर तो क्वचितच दिसतो. हे पालकांना कुणी सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

११ मार्च १९८० रोजी जकार्तात इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि ब्रुनेई या चार देशांनी आंतरराष्ट्रीय संघटना ‘पर्सिलाट’ स्थापन केली आणि खेळाला एकसारखे नियम मिळाले. १९८७ मध्ये आग्नेय आशियाई क्रीडा स्पर्धांत त्याचा समावेश झाला. मुख्य प्रकार ‘तांदिंग’, म्हणजे समोरासमोरची लढत. दहा मीटर लांब-रुंद मॅट, त्यावर आठ मीटर व्यासाचं वर्तुळ, दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, छातीवर जाड संरक्षक कवच. हाताच्या फटक्याला १ गुण, लाथेला २, प्रतिस्पर्ध्याला पाडलं तर ३. त्यामुळे जाणकार खेळाडू लाथ पकडून पाडण्याच्या तयारीत असतो, किंवा स्वतः खाली बसून पायाची कात्री घालतो. वाघ-मगरीची आठवण होते ती इथेच, त्या कात्रीत आणि झाडू मारल्यासारख्या पायात.

दुसरे प्रकार सादरीकरणाचे : ‘तुंगाल’ एकट्याचा, ‘गांदा’ जोडीचा, ‘रेगू’ तिघांचा. तुंगालमध्ये तीन मिनिटांत ठरलेल्या १०० हालचाली क्रमाने करायच्या. आधी रिकाम्या हाताने, मग गोलोकने (आपल्या कोयत्याचा भाऊ), मग काठीने. दानपट्टा-लाठी पाहिलेल्या कोल्हापूरकराला हे घरचं वाटेल. पाठांतर चांगलं असलेली, पण मारामारीला बिचकणारी मुलं इथे चमकतात, असा माझा अंदाज आहे. निदान कविता पाठ करणाऱ्या मुलांवरून तरी.

२०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई खेळांत सिलाट पहिल्यांदा पदकाचा खेळ झाला. १६ सुवर्णपदकांपैकी १४ यजमान इंडोनेशियाने नेली, उरलेली २ व्हिएतनामने. त्याच स्पर्धेतला एक प्रसंग जगभर गाजला. हनिफान युदानी कुसुमा हा खेळाडू सुवर्ण जिंकल्यावर प्रेक्षकांत गेला आणि राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो व त्यांचे निवडणुकीतले प्रतिस्पर्धी प्रबोवो सुबियांतो या दोघांना एकाच मिठीत घेतलं. प्रबोवो तेव्हा इप्सीचे अध्यक्ष होते. महिलांच्या तुंगालमध्ये सुवर्ण जिंकणारी पुस्पा अरुमसारी हिजाबमध्ये खेळली. पोशाख मुळातच पूर्ण बाह्यांचा आणि सैल विजारीचा, त्यामुळे आपल्या मुलींना कपड्यांची तडजोड करावी लागत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने इंडोनेशियाच्या पेन्चाक सिलाट परंपरा आणि मलेशियाचा सिलाट असे दोन्ही मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. रील पाहणाऱ्या मुलांना मात्र हा खेळ ठाऊक झाला तो इको उवाइसच्या ‘मेरांताउ’ (२००९) आणि ‘द रेड’ (२०११) या सिनेमांतून. त्यातला रक्तपात पाहून कुणी क्लासबद्दल मत बनवू नये. आणि कुणी तो पाहून क्लासला जाऊही नये.

आपल्याकडे काय स्थिती आहे

भारतात इंडियन पेन्काक सिलाट फेडरेशन हा खेळ चालवतं. २०१८ च्या आशियाई खेळांत भारताचा संघ उतरला होता, पदक मिळालं नाही. मग गोव्यात २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२३ या काळात ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या, आणि त्यात सिलाट प्रथमच आला. कळरीपयट्टू, स्क्वे, सेपाक टकरा, रोल बॉल हेही त्याच वेळी. त्या स्पर्धेत महाराष्ट्र ८० सुवर्णांसह एकूण २२८ पदकं घेऊन पहिला आला होता.

नोकरीचा मुद्दा. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने क्रीडा कोट्यातल्या खेळांची यादी ४३ वरून ६३ वर नेली, त्यात पेन्चाक सिलाट आहे. मल्लखांब आणि रस्सीखेचही तेव्हाच आले. केंद्रीय कार्यालयांत गट ‘क’च्या थेट भरतीत ५ टक्क्यांपर्यंत जागा गुणवान खेळाडूंमधून भरता येतात. इथवर क्लासवाले बरोबर सांगतात. पुढचं वाक्य ते गिळतात. ‘गुणवान’ म्हणजे राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेत, देशाकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धेत किंवा राज्याच्या शालेय संघाकडून राष्ट्रीय शालेय स्पर्धेत खेळलेला. आणि प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात, त्या-त्या पातळीच्या अधिकृत पदाधिकाऱ्याच्या सहीचं लागतं. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात मिळालेली ट्रॉफी आणि रंगीत सर्टिफिकेट भिंतीवर छान दिसतं, अर्जाला जोडता येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण तिथली खेळांची यादी आणि अटी वेगळ्या. फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन चौकशी करावी. फोनवर नाही, प्रत्यक्ष.

क्लास बघायला जाल तेव्हा जमिनीकडे आधी बघा. पाडण्याला तीन गुण असलेला खेळ फरशीवर शिकवत असतील तर तिथूनच परत या. छातीचं कवच प्रत्येकाला आहे की दहा जणांत दोन, ते मोजा. पडायचं कसं हे पहिले काही आठवडे शिकवतात का, विचारा. मुलींना शिकवायला बाई आहे का? शरीर अभेद्य करून देतो, विटा फोडून दाखवतो असं कुणी म्हणालं तर समजा की तापाक सुचीवाल्यांनी साठ वर्षांपूर्वी जे बाहेर फेकलं ते इथे विकायला आलंय. क्लास राज्य संघटनेशी संलग्न असल्याचा कागद मागायला लाजू नका.

ती अम्मी गेल्या आठवड्यात जाऊन बघून आली. मॅट आहे, कवचं कमी आहेत, शिकवायला एक ताई येते. अडचण एकच निघाली. वर्गाची वेळ साडेसहा ते आठ, आणि मगरीब नेमकी मध्ये. तिने विचारलं, तर प्रशिक्षकांनी दहा मिनिटं सुट्टी द्यायचं कबूल केलं. मुलगी सोमवारपासून जाते आहे. मांड्या दुखतात म्हणून पहिल्या तासाला बसताना ‘या अल्लाह’ म्हणते.